शॅमेलिऑनचे संगोपन

महाराष्ट्रातील रानांत कधी कधी झुडपाच्या फांदीवर एक हिरवा, चपट्या अंगाचा प्राणी दिसतो. त्याने शेपटीची गुंडाळी केलेली असते. पाऊल उचलावे, ते हवेतच थांबवावे, थोडे पुढेमागे डुलावे आणि मग ते ठेवावे, अशी त्याची संथ चाल असते. हा घोयरा होय. काही भागांत त्याला सरडगुहिरा म्हणतात. शॅमेलिऑन हे त्याचे इंग्रजी नाव. त्याचा एक डोळा पुढे पाहत असताना दुसरा मागे वळू शकतो. कित्येक लोक त्याला विषारी समजून मारतात. परंतु तो मुळीच विषारी नाही. मुलांनो, हा प्राणी कितीही आवडला, तरी त्याला घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये त्याला पकडणे वा पाळणे हा गुन्हा आहे.

युरोप-अमेरिकेत मात्र शॅमेलिऑन पाळण्याची हौस पुष्कळ आढळते. तेथे पाळला जातो तो बहुधा येमेनमधील डोंगराळ प्रदेशातला, डोक्यावर उंच तुरा असलेला शॅमेलिऑन. (वासुदेव बळवंत फडके १८८३ साली ज्या एडनच्या तुरुंगात निवर्तले, ते एडन याच येमेनमधले.) बाजारात येणारी त्याची पिल्ले बहुतेक पिंजऱ्यातच जन्मलेली असतात. नर-पिल्लाच्या मागच्या टाचेवर जन्मापासून एक लहानसे टोक असते. मादीला ते नसते. एवढा एकच फरक पाहून ओळख पटवावी लागते. आणि ती पटवणे फार महत्त्वाचे असते, कारण मादीचे संगोपन नराहून वेगळे आहे.

तिचा पिंजरा जाळीचा व उंच असावा. आत फांद्या आणि दाट पानांच्या कुंड्या ठेवाव्यात. जास्वंद तर उत्तमच, कारण तिची पाने-फुले ती आवडीने खाते. पिंजऱ्यात ती एकटीच असावी. दुसरा शॅमेलिऑन नुसता दृष्टीस पडला तरी तिला त्रास होतो. हाताळलेलेही तिला रुचत नाही. त्रासली की तिचा हिरवा रंग काळवंडतो.

वाटीतले साचलेले पाणी ती सहसा पीत नाही. रानात ती पानांवरचे दव व पावसाचे थेंब चाटते. म्हणून सकाळ-संध्याकाळ पानांवर पाण्याचा फवारा मारावा लागतो. उबेसाठी वर एक दिवा लावतात. त्याच्याखालील फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस उष्णता पुरे. याशिवाय अतिनील किरण देणारा दुसरा दिवा लागतो. पिंजरा खिडकीत ठेवला तर दिवा कशाला, असे तुम्ही विचाराल. परंतु हाडांच्या वाढीला जे किरण लागतात, ते खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत.

आता आहाराकडे वळू. रातकिडे हे तिचे मुख्य अन्न. किडा तिच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठा नसावा. रातकिड्यात चुना फार थोडा असतो, म्हणून त्याला आधी पालेभाजी व गाजर खाऊ घालतात आणि मग चुनायुक्त पांढरी भुकटी चोळून पिंजऱ्यात सोडतात. हे न केल्यास पिल्लाची हाडे मऊ पडतात, पाय वाकतात आणि शरीराहून लांब जाणारी ती विलक्षण जीभ नीट फेकता येईनाशी होते.

तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लाला रोज भरपूर खाऊ द्यावे. खरी कसोटी पुढे लागते. पाच-सहा महिन्यांची मादी वयात येते. कोंबडी जशी कोंबड्यावाचूनही अंडी घालते, तशीच हीही नराशिवाय अंडी घालते. त्यांतून पिल्ले निघत नाहीत, पण अंडी तयार होण्यास शरीरातला चुना व शक्ती खर्च होतेच. अन्न आणि ऊब जितकी जास्त, तितकी अंडी अधिक. मनसोक्त खाऊ घातलेल्या मादीच्या पोटात ६०-७० अंडीही धरतात. बेताने खाणारीला वीस-तीसच होतात, आणि कधी एकही होत नाही. म्हणून या वयात एक दिवसाआड चार-पाच रातकिडेच द्यावेत. ती जाळीशी येऊन एका डोळ्याने तुमच्याकडे टक लावून पाहील. आपले हात शिवशिवतील. पण असा लाड केल्यानेच पुष्कळ माद्या अल्पायुषी होतात. बेताने वाढवलेली मादी साधारण पाच वर्षे जगते.

अंडी घालण्यास तिला माती लागते. फूटभर खोल बादलीत ओलसर वाळू भरून ती पिंजऱ्यात कायमची ठेवावी. वाळूत बोगदा केला तर तो ढासळता कामा नये, इतपत ओल असावी. जागा न मिळाल्यास मादी अंडी पोटातच धरून ठेवते, ती आत अडकतात आणि मादी दगावते. भर दिवसा डोळे मिटून ती तळाशी बसली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

दिवस भरत आले की तिच्या गडद अंगावर पिवळे, निळे ठिपके उमटतात. मग एके सकाळी ती खाली उतरून वाळू उकरू लागते. या वेळी डोकावून पाहण्याचा मोह आवरलाच पाहिजे. कोणी पाहत आहे असे दिसले, तर ती खणणे सोडून देते आणि पुन्हा लवकर खाली येत नाही. म्हणून जाणते लोक पिंजऱ्यावर चादर टाकतात आणि घरातल्या मुलांना दूर ठेवतात. आत काम चालते: ती बोगदा खणते, त्याच्या टोकाशी अंडी घालते, वाळू पुन्हा लोटते आणि पायांनी ती नीट दाबून बसवते. यात कधी अख्खा दिवस जातो, कधी त्याहून अधिक.

अखेर ती वर येते. पोट खपाटीला गेलेले, नाकावर वाळू माखलेली. त्या वेळी पानांवर पाण्याचा फवारा सावकाश, बराच वेळ मारावा. ती थेंबामागून थेंब चाटत राहते. आता पुढचे काही दिवस तिला पोटभर रातकिडे द्यायला हरकत नसते.