दूरच्या वस्तूशीं संभाषण



इंझोरीहून वाशीमला कागद पाठवावयाचा झाल्यास आपण टपालाच्या वाटा शोधीत बसत नाहीं. पाकिटावर पत्ता लिहितों, तें पेटींत टाकतों आणि उत्तराची वाट पाहतों. संगणकांच्या जगांतही अशी टपालव्यवस्था उभारण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. त्याचें नांव कोर्बा.

१९८९ सालीं स्थापन झालेल्या ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनें १९९१ सालीं त्याचें पहिलें प्रमाण प्रसिद्ध केलें. हेतु असा कीं, एका यंत्रावरील एका भाषेंतील प्रोग्रामास दुसऱ्या यंत्रावरील, निराळ्या भाषेंतील वस्तूकडून काम करून घेतां यावें.

हें साधतें कसें? प्रथम आयडीएल नांवाच्या तटस्थ भाषेंत करारपत्र लिहितात: वस्तु कोणतीं कामें करील, तिला काय द्यावें, ती काय परत देईल. त्या करारावरून जावामध्यें दोन मध्यस्थ तयार होतात. मागणाऱ्याकडील 'स्टब' निरोपाचें पाकीट बांधतो. काम करणाऱ्याकडील 'स्केलेटन' तें सोडतो. मधली नेआण ओआरबी हा दलाल करतो. वस्तूचा ठिकाणा ठाऊक नसल्यास नामसेवेच्या वहींत पाहावा.

परंतु येथेंच सावध राहावें. समजा, खात्यांतून ५०० रुपये वळते करण्याचा निरोप गेला आणि उत्तर येण्यापूर्वींच तार तुटली. पैसे वळते झाले कीं नाहीं? कोर्बा अशा वेळीं तीनपैकीं एक शेरा देतो: झालें, झालें नाहीं, किंवा कदाचित झालें असेल. तिसरा शेरा सर्वांत त्रासदायक, पण प्रामाणिक आहे. घाईनें तोच निरोप पुन्हां धाडल्यास गरिबाचे पैसे दोनदां कापले जातील. म्हणून प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक द्यावा; तोच क्रमांक पुन्हां आल्यास काम न करतां पहिलेंच उत्तर परत पाठवावें. साध्या कोर्बांत हें आपोआप होत नाहीं; तें प्रोग्राम लिहिणाऱ्याचें कर्तव्य होय.

डिसेंबर १९९८ मध्यें जावाच्या १.२ आवृत्तींत कोर्बाची सोय मुळांतच आली. आपला वाशीम जिल्हाही त्याच वर्षींचा. सप्टेंबर २०१८ मधील ११ व्या आवृत्तींतून मात्र ती काढली गेली. जुने प्रोग्राम नव्या जावावर चालवावयाचे तर ती बाहेरून जोडावी लागते.

व्यवस्था मागें पडली, तरी धडा जुना झालेला नाहीं. उत्तर आलें नाहीं, म्हणजे काम झालें नाहीं असें समजूं नये.