मोटारसायकलीच्या टायरचें वय

बैल घेतांना दांत पाहिल्याखेरीज आपला शेतकरी पैसे मोजीत नाहीं, व जमीन घेतांना सात-बाराचा उतारा व फेरफार वाचल्यावांचून साटेखत करीत नाहीं. तोच गृहस्थ जुनी मोटारसायकल घेतांना इंजिनाचा आवाज ऐकतो, रंग पाहतो. आणि ज्या दोन टायरांवर तो स्वतः, त्याचें मूल व दुधाच्या किटल्या यांचा भार पडावयाचा, त्यांस पायानें एक ठोकर मारून मोकळा होतो. सबब टायरची परीक्षा कशी करावी हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

टायरला जन्मतारीख असते हें पुष्कळांस ठाऊक नसतें. टायरच्या बाजूवर, बहुधा लंबगोल चौकटींत, चार इंग्रजी आंकडे उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे व शेवटचे दोन सालाचे. ३५२१ असें असल्यास तो टायर सन २०२१ च्या ३५ व्या आठवड्यांत, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या संधीस, तयार झाला. तीनच आंकडे असतील तर तो सन २००० पूर्वींचा. त्यास हात लावूं नये. पुष्कळ वेळां हे आंकडे एकाच बाजूस असतात, म्हणून चाकाच्या दोन्ही बाजू पाहाव्या. आमचें आयुष्य मामलेदार कचेरींतील दप्तरांत गेलें. तारीख नसलेला कागद आम्हीं पुढें सरकविला नाहीं. आंकडे खरडलेले दिसल्यास तेथेंच सौदा थांबवावा.

नक्षी खोल आहे एवढ्यावरून टायर चांगला ठरत नाहीं. हवेंतील प्राणवायु व ओझोन, ऊन आणि उष्णता यांनीं रबर कडक होत जातें. तें जपण्याकरितां कारखानदार त्यांत मेण व इतर द्रव्यें मिसळतात. चाक फिरतांना टायर दबतो तेव्हां तीं पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडींत तसें होत नाहीं. म्हणून "फार चालली नाहीं, गोठ्यांतच होती" ही विकणाराची शिफारस आम्हांस उलट धोक्याची सूचना वाटते. अशीच एक गाडी आमच्या शेजारच्या गांवीं एकानें घेतली. नक्षी जवळजवळ नवी, पण टायर बारा वर्षांचे. मे महिन्याच्या दुपारीं पुढचा टायर फुटला, हात मोडला, आणि मृगाची पेरणी भाड्याच्या माणसांकडून करवावी लागली. पुढचा टायर फुटल्यास गाडी आवरतां येत नाहीं, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

टायर उन्हांत पाहावा. बाजू अंगठ्यानें दाबून बारीक भेगा दिसतात कीं काय तें पाहावें. नख रुतत नसेल तर रबर वाळलें असें समजावें. काळें तेल चोळून चमकविलेला टायर आधीं ओल्या फडक्यानें पुसावा, मग बोलावें. नक्षीच्या खांचांच्या तळाशीं छोटे उंचवटे असतात. दुचाकीवर ते ०.८ मिलिमीटर उंच असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली म्हणजे टायर संपला. खांचा पुन्हा कोरलेला टायर कांहींजण विकतात. तो फुकटहि घेऊं नये.

वयाचा सर्वसाधारण दंडक असा कीं, पांच वर्षांनंतर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा व दहा वर्षांनंतर, नक्षी कितीहि असो, काढून टाकावा. आपल्याकडील उन्हांत त्याहून आधींच काढणें आम्हांस शहाणपणाचें दिसतें. नवा टायर घेतांनाहि तारीख वाचावी, कारण दुकानाच्या माळ्यावर टायर वर्षानुवर्षें पडून राहूं शकतो. आकारापुढें ५० पी अशा जातीची खूण असते. ५० म्हणजे १९० किलो भार. दोन माणसें व पेंडीचें पोतें नेणारानें हा आंकडा गाडीच्या पुस्तिकेशीं ताडून पाहावा.

जास्तीचा टायर घेऊन ठेवणें झाल्यास विहिरीवरील विजेच्या मोटारीजवळ ठेवूं नये. तिच्या ठिणग्यांपासून ओझोन उत्पन्न होतो. डिझेलचा स्पर्शहि वाईट. टायर बदलतांना आंत ट्यूब असल्यास तीहि नवी घालावी, आणि बाजूवरील बाण चाक फिरण्याच्या दिशेकडे आहे कीं नाहीं हें पंक्चरवाल्याच्या दुकानांतून निघण्यापूर्वींच पाहावें.