सोळा घटक आणि पावसाचे सूत्र

षड्रसांतून एक, दोन, तीन असे रस निवडून एकूण किती मिश्रणे होतील, हा प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आहे. प्रत्येक रस एक तर घ्यावयाचा, नाही तर सोडावयाचा. म्हणून २ हा अंक सहा वेळा मांडून गुणाकार केला की ६४ येतात. काहीच न घेण्याचा एक प्रकार वगळता मिश्रणे ६३.

पावसाचा अंदाज बांधणाऱ्या संख्याशास्त्रज्ञापुढेही हाच हिशेब असतो. हिमालयावरील बर्फ, समुद्राचे तापमान, वाऱ्यांची दिशा हे त्याचे रस होत. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर व त्यांचे सहकारी यांचे सोळा घटकांचे सूत्र वापरात आले. सोळा घटकांतून निवडी होतात ६५,५३५! संगणक तितकी सूत्रे सहज मांडील. परंतु त्यांपैकी एखादे मागील वर्षांशी निव्वळ योगायोगानेही जुळेल.

मागे जुळलेले सूत्र पुढे जुळेलच, असे नाही. २००२ चा दुष्काळ त्या सोळा घटकांच्या सूत्राला आधी कळला नाही. २००३ साली हवामान खात्याने आठ व दहा घटकांची नवी सूत्रे घेतली. यावरून आपण एवढे ध्यानी ठेवू या : सूत्र बनविताना जी वर्षे बाजूस ठेवली, त्यांवरच त्याची खरी परीक्षा घ्यावी. शेतकऱ्याची पेरणी त्यावर अवलंबून असते.