जेवून घे, सांगून टाक
कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या पोराला 'पुट' कळतं, 'ऑफ'ही कळतं; 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणं, हे ऐकून मात्र ते चक्रावतं. खरं तर ही खोड आपल्याही भाषेत आहे. 'जेवून घे' म्हणताना कोण काय घेतो? 'सांगून टाक'मध्ये काय टाकायचं? मराठी व्याकरणात ही संयुक्त क्रियापदं. आपण क्रियापदाला क्रियापद जोडतो, इंग्रजी 'अप', 'ऑफ', 'आउट' चिकटवते, एवढाच फरक. त्यात आणखी एक गोम: 'पुट इट ऑफ' चालतं, 'पुट ऑफ इट' नाही. स्पॅनिश बोलणाऱ्यांना मात्र याच अर्थाचा 'पोस्टपोन' हा शब्द सोपा वाटतो, कारण त्यांच्याकडं 'पोसपोनेर' आहेच. शब्दांची बेरीज म्हणजे अर्थ नव्हे; पटत नसेल तर आपल्या 'नाद खुळा'चं शब्दशः इंग्रजी करून बघा!