प्रत ठेवणे आणि प्रत परत आणणे



आपल्या वाचनालयांच्या कपाटांतले पुष्कळ काही आता स्कॅन होऊन संगणकात गेले आहे. जुने वार्षिक अंक, स्मरणिका, नाट्यप्रयोगांची छायाचित्रे, एखाद्या घराण्याने विश्वासाने दिलेले मोडी रुमाल. महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांच्या बाबतीत यातली गोम अशी, की या कागदांची दुसरी प्रत पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात असेलच असे नाही. स्कॅन झाल्यावर मूळ कागद मालकाच्या घरी परत जातो आणि पुढे घर विकताना कधी रद्दीतही जातो. मग सर्व्हरवरची फाइल हीच मूळ प्रत होऊन बसते. ती राखण्याची रीत कशी असते ते आज पाहू. विषय थोडा रुक्ष आहे, पण जमाखर्च समजतो त्याला हाही समजेल.

सर्व्हर म्हणजे इतरांना फाइली पुरवण्यासाठी सतत चालू ठेवलेला संगणक. त्याची साठवण ज्या कप्प्यांत विभागलेली असते त्यांना व्हॉल्यूम म्हणतात. एक व्हॉल्यूम एकाच डिस्कवर असेल किंवा चार डिस्क मिळून बनलेला असेल; सर्व्हरला ते एकच कपाट दिसते. सोय केलेली असेल तर हे कपाट एका सर्व्हरपासून सोडवून दुसऱ्याला जोडताही येते. पुढचे सगळे या एका गुणावर उभे आहे.

बॅकअप म्हणजे फाइलींची नक्कल, एवढे सर्वांना ठाऊक असते. अडचण अशी की नक्कल चालू असताना काम थांबलेले नसते. वाचनालयातले देवघेवीचे उदाहरण घ्या. पुस्तक सभासदाला दिले की एक नोंद पुस्तकाच्या कार्डावर होते, दुसरी सभासदाच्या खात्यावर. आता कोणी सकाळी पुस्तकांची कार्डे उतरवून घेतली, दुपारी सभासदांची खाती उतरवली आणि मधल्या वेळात दहा पुस्तके बाहेर गेली, तर त्या नकलेत पुस्तके कपाटातही आहेत आणि सभासदांच्या घरीही. प्रत्येक पान खरे, पण वही खोटी. डेटाबेसची नक्कल चालू अवस्थेत तशीच उचलली तर नेमके हेच होते.

यावर तोड म्हणजे स्नॅपशॉट. एका क्षणी व्हॉल्यूमची स्थिती गोठवली जाते. काम पुढे चालूच राहते, मात्र एखादा मजकूर बदलायची वेळ आली की जुना मजकूर आधी बाजूला ठेवला जातो आणि मग नवा लिहिला जातो. त्यामुळे स्नॅपशॉट उघडणाऱ्याला त्या क्षणीचेच व्हॉल्यूम दिसते. तो घ्यायला काही क्षण पुरतात, म्हणून लोक भुलतात आणि यालाच बॅकअप समजतात. पण या पद्धतीचा स्नॅपशॉट त्याच डिस्कवर, मूळ मजकुराच्या आधाराने उभा असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले.

इथे दुसरा सर्व्हर कामाला येतो. गोठवलेला स्नॅपशॉट त्याला फक्त वाचण्यापुरता जोडून द्यायचा. नक्कल करण्याचे, मागच्या वेळेपेक्षा काय बदलले ते शोधण्याचे आणि तेवढेच साठवण्याचे बहुतेक काम तो करतो. मुख्य सर्व्हर वाचकांच्या सेवेला मोकळा राहतो. नक्कल पुरी झाली की स्नॅपशॉट पुसायचा, नाहीतर तो जागा खात बसतो.

ही व्यवस्था कशी फसते याचा चांगला दाखला गिटलॅब या कंपनीचा आहे. ती जगभरच्या प्रोग्रॅमरांचे काम साठवते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवर आहोत असे समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. एक-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, पण सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. दुय्यम सर्व्हरवरची प्रत त्याच दुरुस्तीच्या कामात आधीच पुसलेली होती. रोजच्या नकला जिथे जायच्या ती जागा रिकामी निघाली. नक्कल काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून ते दर वेळी अडत होते. अडल्याची सूचना ईमेलने जात होती, पण ते ईमेल नाकारले जात होते.

वाचवले कशाने? सुमारे सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने चाचणीच्या सर्व्हरवर ताजी माहिती हवी म्हणून हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता. त्यातून उतरवलेली प्रत त्या वेगळ्या सर्व्हरवर शाबूत होती. तिथून ती परत आणायला सुमारे १८ तास लागले, कारण त्या यंत्राच्या डिस्क संथ होत्या. मधल्या सहा तासांतले काम गेलेच: सुमारे ५,००० प्रकल्प, तितकेच अभिप्राय आणि ७०० नवी खाती. कंपनीने हे सारे उघडपणे लिहून प्रसिद्ध केले, हे तिच्या श्रेयाचे.

नकलेच्या खरेपणाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. पोथी उतरवणारा शेवटी लिहून ठेवी की समोर होते तसे लिहिले, दोष माझा नाही. बॅकअपचा सर्व्हर हा तसाच लेखक. मूळ फाइल बिघडली तर तो बिघाडही इमानाने उतरवतो. म्हणून कालचीच प्रत ठेवून भागत नाही. गेल्या आठवड्याची, गेल्या महिन्याची, गेल्या वर्षाचीही लागते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले तेव्हा नाथांना शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पोथ्यांत अध्यायाअखेर ओव्यांची संख्या देत, ती मोजली की ओवी गळली का ते कळे. शब्द बदलला तर मात्र कळत नसे. संगणकात प्रत्येक फाइलवरून एक तपासअंक काढतात. एक अक्षर बदलले तरी तो पार बदलतो. प्रत काढताना तो नोंदवून ठेवावा आणि अधूनमधून पडताळावा.

दुसरा सर्व्हर ‘दुसरा’ कशाने होतो हेही पाहिले पाहिजे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची पाच मजली सर्व्हर-इमारत जळाली, तेव्हा ज्यांची मूळ आणि प्रत दोन्ही तिथेच होती त्यांचे दोन्ही गेले. अंतराइतकेच किल्ल्यांचे. मुख्य सर्व्हरला बॅकअपवर लिहिण्या-पुसण्याचा अधिकार असेल, तर खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा चोर त्याच वाटेने प्रतीपर्यंत पोहोचतो. म्हणून बॅकअपच्या सर्व्हरने स्वतः येऊन माहिती न्यावी आणि त्याचा पासवर्ड मुख्य सर्व्हरवर कुठेही नसावा.

आता परत आणण्याचे. जुनी प्रत मूळ व्हॉल्यूमवर कधीही ओतू नये. प्रत सदोष निघाली तर जे थोडे उरले असेल तेही जाते. ती नव्या व्हॉल्यूमवर उतरवावी, वेगळ्या सर्व्हरला जोडावी, तपासावी आणि मगच वाचकांना तिकडे वळवावे. वेळेचा हिशेबही आधी मांडावा. मंडळाची दोन टेराबाइट माहिती १०० मेगाबिटच्या जोडणीवरून आणायची तर, ती पूर्ण वेगाने चालली तरी, जवळजवळ ४४ तास लागतात. उद्घाटनाच्या आदल्या रात्री हे कळून उपयोग नाही.

याची तालीम वर्षातून दोनदा करावी. वार्षिक अंक छापखान्यात गेल्यानंतरचा आठवडा त्याला बरा. एक जुना अंक, एक मोडी कागद आणि सभासदांची यादी एवढे निवडून दुसऱ्या सर्व्हरवर उतरवावे, आणि ते उघडून पाहण्याचे काम व्यवस्था बसवणाऱ्याला न देता तो कागद ओळखणाऱ्या सभासदाला द्यावे. किती वेळ लागला आणि काय उघडले नाही, हे कार्यकारिणीच्या इतिवृत्तात नोंदवावे. पासवर्डचे बंद पाकीट कार्यवाह आणि कोषाध्यक्ष या दोघांकडे असावे, आणि पदाधिकारी बदलले की पाकीटही बदलावे.