लातूरचा एक उकार

‘लातूर’ हा शब्द संगणकाला पाच खुणांचा दिसतो: ल, काना, त, दीर्घ उकार आणि र. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत यातली प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणजे १५ बाइट, १२० बिट. आता तो उकार ऱ्हस्व करून ‘लातुर’ लिहा. १२० पैकी फक्त दोन बिट बदलतात.

पण हा शब्द ज्या फाइलमध्ये आहे ती गिटमध्ये, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रणालीत, ठेवलेली असेल, तर त्या दोन बिटांपायी फाइलचं नावच पालटतं. हे नाव आपण दिलेलं नसतं. फाइलच्या मजकुरावर गणित करून गिट स्वतः ४० आकडे-अक्षरांची एक माळ काढतं आणि तिलाच नाव मानतं. आधीची माळ आणि नंतरची माळ शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात काडीचंही साम्य दिसत नाही. याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत बसून कुणी हाच मजकूर साठवला आणि बर्लिनमध्ये आणखी कुणी साठवला, तर एकमेकांना न विचारता दोघांकडे तीच माळ उमटते.

वेबसाइटी बांधून पोट भरणाऱ्या आमच्यासारख्या एकट्या डेव्हलपरांचं स्वातंत्र्य या माळेत आहे असं मी म्हणतो. ते कसं, हे सांगण्याचा हा खटाटोप.

लातूरच्या आडत बाजारातले तूर-सोयाबीनचे भाव दाखवणारं एक छोटं संकेतस्थळ डोळ्यांपुढे आणा. त्याच्या कोडमध्ये बदल केला की गिटमध्ये एक नोंद होते. त्या नोंदीत सगळ्या फाइलींच्या माळा एकत्र बांधणारी माळ असते, बदल कुणी आणि कधी केला हे असतं, आणि आधीच्या नोंदीची माळही असते. तलाठ्याकडे सातबाऱ्यावरच्या फेरफाराला जसा मागच्या फेरफाराचा आधार लागतो, तसंच हे. फरक इतकाच, की इथे चार वर्षांपूर्वीच्या एका नोंदीतला स्वल्पविराम जरी कुणी गुपचूप बदलला तरी तिची माळ बदलते, म्हणून तिच्या पुढचीची, आणि असं करत आजच्या नोंदीपर्यंत सगळ्या बदलतात. शेवटची एक माळ जुळली की मागचा सगळा इतिहास जुळला. २०१७ मध्ये संशोधकांनी प्रचंड गणनशक्ती ओतून एकाच माळेच्या दोन वेगळ्या फाइली घडवून दाखवल्या होत्या. तेव्हापासून गिट असल्या घडवलेल्या फाइली ओळखून नाकारतं, आणि ६४ आकडे-अक्षरांच्या माळेची पद्धतही त्यात आली आहे.

आणि हा सगळा इतिहास प्रत्येकाच्या प्रतीत पूर्ण असतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं, कारण लिनक्सचे लोक जी बिटकीपर नावाची खाजगी प्रणाली वापरत होते तिची मोफत सवलत तिच्या मालकांनी काढून घेतली होती. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. एका मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचा ताजा अनुभव त्याच्या जन्मामागे आहे, आणि त्यात मध्यवर्ती जागाच नाही. दुपारी वीज गेली, इंटरनेट गेलं, तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर नोंदी करता येतात, जुन्या पाहता येतात, शाखा काढता येतात. लोडशेडिंगच्या मुलखासाठीच हे घडवलंय की काय असं मला वाटत आलंय.

मग गिटहब कशाला लागतं? प्रती एकमेकांना भेटतील अशी एक ओळखीची जागा हवी म्हणून. २००८ मध्ये सुरू झालेली ही सेवा इतकी सोयीची होती की नव्या मुलांना गिट आणि गिटहब एकच वाटतात. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळं रोखली गेली. मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाच्या विनंतीनंतरची ती कारवाई होती. त्यात गिटहब होतं, इंटरनेट अर्काइव्हही होतं. लवकरच ती खुली झाली. पण त्या दिवसांतही ज्याच्याकडे स्वतःची प्रत होती त्याचा कोड शाबूत होता. अडली होती ती भेटीची जागा.

जागा बदलायची कारणं पुढे वाढत गेली. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहब घ्यायचं जाहीर केलं. २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सीरिया आणि क्रायमियातल्या डेव्हलपरांच्या खात्यांवर बंधनं आली. २०२१ मध्ये तिथल्या सार्वजनिक कोडवर शिकलेला, कोड सुचवणारा कोपायलट आला, आणि मुक्त परवान्यातल्या श्रेय देण्याच्या अटीचं काय, हा प्रश्न पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या न्यायालयात गेला. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने जून २०२२ मध्ये गिटहब सोडण्याचं जाहीर आवाहन केलं. मला सर्वांत खुपतं ते वेगळंच: जगभरचा मुक्त कोड जिथे राहतो त्या गिटहबचा स्वतःचा कोड बंद आहे.

जागा बदलणं आपल्या लिपीलाही नवं नाही. लिनक्सवर वर्षानुवर्षं मराठी ज्या अक्षरांत वाचली गेली त्यात लोहित देवनागरी हा फॉन्ट महत्त्वाचा. रेड हॅटने तो मुक्त केला आणि पुण्यातल्या मंडळींनी जोपासला. त्याचं काम फेडोरा या लिनक्स प्रकल्पाच्या फेडोराहोस्टेड या जागेवर चालायचं. २०१७ मध्ये ती जागा बंद झाली, आणि लोहित पगूर नावाच्या दुसऱ्या मुक्त जागेवर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये फेडोराने पगूरच्या जागी फॉर्जेयो आणायचं ठरवलं. घरं बदलली, आणि जोडाक्षरं दिसायची तशीच दिसत राहिली.

हे फॉर्जेयो म्हणजे गिटहबसारखं घर बांधायचं मुक्त सॉफ्टवेअर. आधीच्या गिटी प्रकल्पाचं नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेल्यावर २०२२ मध्ये त्यातून ते वेगळं झालं. त्यावरच चालणारं कोडबर्ग ही बर्लिनमधली नोंदणीकृत ना-नफा संस्था आहे. २०१८ मध्ये स्थापन झाली. पैसा वर्गणी आणि देणग्यांतून येतो, निर्णय सभासद मतदानाने घेतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये झिग ही प्रोग्रामिंगची भाषा गिटहब सोडून तिथेच गेली.

प्रत्यक्ष हलवणं किती सोपं आहे हे पाहून मी थक्क झालो. गिटला नवा पत्ता सांगायचा, सगळ्या शाखांसह ढकलायचं, चहा निवायच्या आत सगळा इतिहास पलीकडे. तिथली शेवटची माळ आणि इथली माळ ताडून पाहायची. जुळली, म्हणजे एकही उकार इकडचा तिकडे झालेला नाही.

जे हलत नाही ते गिटच्या बाहेरचं आहे. लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि चर्चा फॉर्जेयोच्या आयात-सोयीतून बऱ्याच येतात. आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा थोडी पुन्हा लिहावी लागते. लोकांनी पसंती म्हणून दिलेले तारे मात्र मागेच राहतात, आणि नोकरीसाठी प्रोफाइल पाहणाऱ्याची नजरही. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीला मी गिटहबचं खातं पुसून टाक असं सांगणार नाही. काम नव्या जागी करावं, गिटहबवर आरशासारखी प्रत आपोआप जात राहील अशी सोय फॉर्जेयोतच आहे.

ग्राहकांचा खाजगी कोड हा आमच्या धंद्यातला खरा पेच. कोडबर्ग मुक्त परवान्याच्या कामासाठी आहे. शिकवणीवर्गाच्या फी-पावत्यांचा बंद कोड तिथे ठेवणं त्यांच्या नियमात बसत नाही, आणि ते रास्तच आहे. त्यासाठी फॉर्जेयो आपल्याच यंत्रावर बसवता येतं. ते इतकं हलकं आहे की रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावरही चालतं. वेगळ्या डिस्कवर रोजची प्रत काढायची शिस्त तेवढी लागते. महाविद्यालयांनी असं एखादं यंत्र प्रयोगशाळेत लावलं तर मुलांना गिट म्हणजे काय ते पहिल्या वर्षीच कळेल, असं मला मनापासून वाटतं.

अशी विखुरलेली घरं एकमेकांशी बोलावीत म्हणून फोर्जफेड नावाचा संकेत आकार घेतो आहे. तो रुळला की नांदेडच्या यंत्रावर खातं असलेल्याला बर्लिनच्या प्रकल्पात दुरुस्ती सुचवायला तिथे वेगळं खातं लागणार नाही. तोवर ईमेल आहेच. लिनक्सच्या गाभ्यातले बदल आजही ईमेलने पाठवले जातात, आणि सोर्सहट ही सेवा त्याच पद्धतीवर उभी आहे; तिथे दुरुस्ती पाठवायला आजही खातं लागत नाही.