निवासमंडपाची कारागिरी आणि तिची मर्यादा

बायबलमधील ‘निर्गम’ ग्रंथाचा उत्तरार्ध वाचताना बहुतेक वाचकांचा धीर सुटतो; कारण समुद्राचे दुभंगणे आणि सीनाय पर्वतावरील मेघगर्जना यांच्या पाठोपाठ, एखाद्या सरकारी दफ्तरातून काढल्यासारखी, निवासमंडपाच्या, म्हणजे अरण्यातल्या प्रवासात देवाच्या वसतीसाठी उभारायच्या तंबूच्या, फळ्या, कड्या, बैठका व पडदे यांची फर्द सुरू होते, आणि ती पंचविसाव्या अध्यायापासून एकदा आज्ञा म्हणून व पस्तिसाव्यापासून पुन्हा अंमलबजावणी म्हणून, पुष्कळशी त्याच शब्दांत, सांगितली जाते. माझ्या मते हिब्रू उपासनेचे मर्म या रुक्ष तपशिलातच आहे.

यहूदा वंशातील बसालेल आणि दान वंशातील अहलियाब यांच्याकडे हे काम सोपवले गेले, आणि बसालेलाला देवाने आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे ग्रंथ सांगतो. जो आत्मा पुढे राजांवर व संदेष्ट्यांवर उतरला, तो येथे सोने ठोकणाऱ्या आणि रत्ने कोरणाऱ्या हातांना लाभतो. स्त्रियांनी कातलेल्या बकऱ्यांच्या केसांचीही दखल घेतली जाते. दीपवृक्ष एक किक्कार (वजनाचे जुने माप) शुद्ध सोन्याचा, अखंड घडीव. त्याच्या मधल्या दांड्यावर व सहा शाखांवर मिळून बदामफुलाच्या आकाराच्या २२ वाट्या. मात्र एवढी बारकाई करूनही त्याची उंची कोठेच दिलेली नाही!

याहून विचार करण्याजोगा आहे तो कराराचा कोश. बाभळीच्या लाकडाची, अडीच हात लांब व दीड हात रुंद अशी ही पेटी बाहेरून सोन्याने मढवावी, तशीच आतूनही मढवावी, अशी आज्ञा होती. ती जेथे ठेवायची त्या मंडपाच्या आतल्या भागात, परमपवित्रस्थानात, वर्षातून एकाच दिवशी प्रमुख याजकाने जायचे; मुक्काम हलताना ती पडद्याने झाकूनच उचलायची. मग आतल्या पत्र्यावर नजर पडणार होती कोणाची? देवापुढे मांडायच्या कामाला पाहणारा माणूस असलाच पाहिजे, ही अपेक्षाच येथे निकालात निघते.

हिशेबातही हीच निष्ठा दिसते. ६,०३,५५० पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल (किक्काराहून लहान वजन) चांदी द्यायची, श्रीमंताने अधिक नाही आणि गरिबाने उणी नाही. त्या चांदीतील १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या गेल्या, आणि उरलेले १,७७५ शेकेल खांबांच्या आकड्यांना व मढवण्याला लागले. म्हणजे वास्तूचा पाया सर्वांच्या सारख्या वर्गणीवर उभा राहिला.

तथापि कारागिरीची ही थोरवी निरंकुश नाही. आज्ञा व अंमलबजावणी यांच्या दरम्यानच लोकांनी पूजेसाठी घडवलेल्या सोन्याच्या वासराची कथा येते. तेथेही लोकांनी दागिने दिले होते आणि हातात हत्यार होते, आज्ञा तेवढी नव्हती. दगडाची वेदी बांधायची तर धोंड्यांना हत्यार लावू नये, अशी त्याच ग्रंथाची ताकीद आहे. देणग्या गरजेपेक्षा जास्त येऊ लागल्या तेव्हा मोशेने त्या थांबवल्या, हे तर आजच्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी मुद्दाम वाचावे. आणि बसालेलाच्या नेमणुकीला लागूनच शब्बाथाची आज्ञा येते: पवित्र वास्तूचे कामसुद्धा सातव्या दिवशी बंद. मिश्ना या यहुदी विधिसंग्रहाने त्या दिवशी वर्ज्य म्हणून गणलेली ३९ कामे तालमुद या त्यावरील विवेचनग्रंथाने या निवासमंडपाच्या कामांशीच जोडली आहेत. हीच आज्ञा पाळून आपल्या कोकणातले बेने इस्रायल यहुदी, तेलाचा धंदा करीत असूनही, शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.